पिशवाक आडनावाची खरी नक्कल

फ्रेंच शिकून पोट भरतं का, असं पुण्यात ज्या ज्या नातेवाइकांनी मला विचारलं, त्यांना आता सांगायला हरकत नाही: भरतं. फ्रेंच कवितांवर नाही भरत, फ्रेंच घटस्फोटांवर भरतं.

लग्नानंतर मी सिंगापूरला आले. नवरा मरीन इंजिनियर, वर्षातले सहा-सात महिने जहाजावर. मुलीला शाळेत सोडून आले की मी बेडोकच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलायची. भिंती ऐकून घेतात पण पगार देत नाहीत, म्हणून पाया लेबारला एका भाषांतराच्या ऑफिसात नोकरी धरली आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथेच चिकटून राहिले. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक सतत कागद चावणारं झेरॉक्स मशीन आणि मालकीण मिसेस लिम. चिनी भाषांचं काम मिसेस लिम स्वतः बघायच्या, बाकीच्या भाषांना घरून काम करणारी माणसं होती आणि फ्रेंच म्हणजे मी.

काम समजायला सोपं आहे. परदेशी माणसाला इथे नोकरीचा पास काढायचा असतो, मुलाला शाळेत घालायचं असतं, नाहीतर पहिलं लग्न मोडल्याचा पुरावा देऊन दुसरं करायचं असतं. त्याचे कागद फ्रेंचमध्ये. आम्ही ते इंग्रजीत करायचे, खाली ‘हे भाषांतर मुळाबरहुकूम आहे’ असं लिहून सही करायची आणि शिक्का मारायचा. मुळात जे आहे ते सगळं आलं पाहिजे. कोपऱ्यातला अर्धवट उठलेला स्टँप, खाडाखोड, कारकुनाची न लागणारी सही, सगळं. आणि मुळात जे नाही ते एक अक्षरही येता कामा नये. त्या शिक्क्याच्या भरवशावर सरकारी खिडकीतला माणूस आपला कागद घेतो. शिक्का खोटा ठरला तर आमच्या ऑफिसात आणि कोपऱ्यावरच्या ज्यूसच्या गाडीत काही फरक राहत नाही, असं मिसेस लिम म्हणायच्या.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा एक फ्रेंच जोडपं आपल्याच घटस्फोटाचा निकाल घेऊन जोडीने आलं. निकालात न्यायाधीशाने नवऱ्याच्या वागण्याला एक विशेषण लावलं होतं. मी त्याला ‘बेपर्वा’ या अर्थाचा शब्द घातला. बाईंच्या मते तो फार सौम्य झाला, नवऱ्याच्या मते फार कडक. माझ्या टेबलाशी उभं राहून त्यांनी पाऊण तास वाद घातला आणि शेवटी मला इंग्रजी येत नाही यावर दोघांचं एकमत झालं. लग्न मोडल्यापासूनचं ते त्यांचं पहिलंच एकमत असावं. दुसरा एक शेफ. त्याने वीस वर्षं हॉटेलात फ्रेम करून टांगलेला कागद भाषांतराला आणला. त्यात तो परीक्षेत नापास झाल्याचं सुबक अक्षरात लिहिलं होतं. मी भाषांतर करून दिलं. त्याने ते वाचलं, पैसे दिले, भाषांतर टोपलीत टाकलं आणि फ्रेम काखेत मारून निघून गेला.

पण दिवाळी अंकासाठी लिही म्हटल्यावर मला आठवले ते अंकल व्हिक्टर, कारण त्यांच्या बाबतीत मी चुकले.

इथे वयस्क माणसाला कोणीही अंकलच म्हणतं. हे अंकल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, युरेशियन, म्हणजे गोरे खलाशी, व्यापारी आणि इथल्या बायका यांच्यापासून झालेल्या जुन्या घराण्यांतले. उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवलेली. पाठ अजून ताठ आणि आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. त्यांनी माझ्यासमोर प्लॅस्टिकचा फोल्डर ठेवला आणि म्हणाले, “पिशवाक. व्हिक्टर पिशवाक. फ्रेंच नाव आहे. फार दुर्मीळ.”

मला भाजीची पिशवी दिसली, पण चेहरा सरळ ठेवला. बावीस वर्षांत मी दुसरं काही शिकले नसेन, एवढं शिकले.

अंकलच्या आजोबांचे कागद होते. हे आजोबा कोण्या जहाजावर पाव भाजायचे, सिंगापूर बंदरात उतरले आणि परत चढलेच नाहीत. घरातली कथा मात्र वेगळी होती. पिशवाक हे फ्रान्समधले सरदार, राज्यक्रांतीत जीव वाचवून पळालेले. अंकलच्या दाराशी पितळी पाटी होती आणि तिच्यावर सिंह, तलवार आणि लिलीचं फूल. हे चित्र त्यांनी स्वतः काढून घेतलं होतं.

“माझा मुलगा गेला,” ते म्हणाले. “नात आहे, क्लेअर. तिचं दोन महिन्यांनी लग्न आहे. मुलगा चांगला आहे, वेई, पण आडनाव इंग. मुलं झाली की ती इंग होणार. मग पिशवाक संपलं. मी त्यांच्या घरच्यांना सांगितलंय, पहिल्या मुलाच्या नावात पिशवाक हवं. ते म्हणतात कशाला. म्हणून मला एक पुस्तिका छापायचीय. कागदांचं भाषांतर, नावाचं मूळ आणि हे नाव आता जगात किती जणांचं आहे. लग्नाच्या जेवणात प्रत्येक टेबलावर ठेवणार. मग बघू कोण म्हणतं कशाला.”

आडनावाचं मूळ शोधणं हे आमचं काम नव्हे. मिसेस लिमनी लगेच हो म्हटलं.

कागदांचं भाषांतर एका दिवसात झालं. आजोबांच्या जन्माच्या दाखल्यात वडिलांचा धंदा गुराखी, आई कपडे धुणारी, साक्षीदाराला सही येत नाही. ते वाचून अंकल व्हिक्टर म्हणाले, “वेषांतर.” राज्यक्रांती होऊन तेव्हा ऐंशीच्या वर वर्षं झाली होती. इतका वेळ कोणी वेषांतरात राहत नाही, पण ते सांगायचे मला पैसे मिळत नव्हते.

मग मी नावाच्या मागे लागले. फ्रेंच आडनावांचे कोश असतात. त्यात पिशवाक त्या नावाने सापडेना, कारण ते उत्तरेकडच्या बोलीतलं रूप होतं. शेवटी एका नोंदीच्या शेपटाला सापडलं. ‘वाक’ म्हणजे गाय. ‘पिश’ म्हणजे मुतणे. पिशवाक म्हणजे मुतणारी गाय.

खाली कोशकाराने खुलासा केला होता. खडकातून पाण्याची बारीक धार पडत असेल तर तिकडचे शेतकरी त्या जागेला हे नाव द्यायचे, आणि त्या जागेजवळ राहणाऱ्यांना मग तेच आडनाव चिकटायचं. मला आपलं गायमुख आठवलं. आपल्याकडे डोंगरातून धार येते तिथे गाईचं दगडी तोंड बसवतात. फ्रेंच शेतकऱ्यांनी तीच धार पाहिली, त्यांना तीच गाय आठवली, फक्त ते मागच्या बाजूला उभे होते.

नाव दुर्मीळ का, याचंही उत्तर मिळालं. एके काळी दोन-तीन गावं भरून पिशवाक होते. मग ते शहरात गेले, शाळेत गेले, आणि हजेरीला वर्ग हसायला लागला. फ्रान्समध्ये लाजिरवाणं आडनाव अर्ज करून बदलता येतं आणि ते राजपत्रात छापून येतं, आपल्याकडे गॅझेटमध्ये येतं तसं. मी त्या जुन्या याद्या चाळल्या. पिशवाकचा झाला बोवाल, पिशवाकची झाली मार्तं. ज्याला नावाचा अर्थ कळत होता तो त्यातून सुटून जात होता. सिंगापुरात कोणाला कळत नव्हता, म्हणून इथे त्याची पितळी पाटी झाली.

मी हे मिसेस लिमना सांगितलं. त्या चहा पीत होत्या. अख्खा घोट कीबोर्डवर उडाला.

“सांगून टाक,” त्या रुमालाने कीबोर्ड पुसत म्हणाल्या. “कागदावर जे आहे ते सांगायचं.”

मी सांगणारही होते. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत क्लेअर मला भेटायला आली. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, आजोबांसारखीच ताठ. खालच्या फूड कोर्टात आम्ही बसलो.

“तुम्हाला सापडलं असेल,” ती म्हणाली.

“तुला माहीत आहे?”

“कॉलेजात असताना सहा महिने फ्रान्सला होते. पहिल्याच दिवशी ऑफिसमधल्या बाईने मला नाव तीनदा म्हणायला लावलं, आणि तिसऱ्यांदा आत जाऊन मैत्रिणीला घेऊन आली.” ती नूडल्स ढवळत होती. “बाबा गेल्यापासून आजोबांना त्या नावाशिवाय काही नाही. त्यांना नका सांगू, आंटी. प्लीज. पाण्याची जागा म्हणा. ते खोटं नाही ना?”

ते खोटं नव्हतं. तिथेच माझा घात झाला. मी लिहिलं: ‘हे आडनाव बहुधा एका जागेवरून आले असावे. या जागेचा संबंध वाहत्या पाण्याशी आहे. आज हे नाव फ्रान्समध्ये अत्यंत दुर्मीळ आहे.’ प्रत्येक शब्द खरा, आणि अख्खी गाय बाहेर. अंकल व्हिक्टरना त्यावर शिक्का हवा होता. मी मारला.

त्यांनी ते दोनदा वाचलं. “वाहतं पाणी,” ते म्हणाले. “नदी असणार. आपली जहागीर नदीकाठी असणार.” मग त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला फोनवर सांगितलं की आज मी एक चांगलं काम केलं. तो म्हणाला, “तुझा आवाज तसा वाटत नाहीये.”

इथवर येऊन मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण पी.टी.चे मास्तर शिट्टी वाजेपर्यंत थांबत नसतात. माझ्या कागदात ‘अत्यंत दुर्मीळ’ असं होतं; त्यांना आकडा हवा होता. त्यांनी शेजारच्या एका पोराला संगणकावर बसवून फ्रान्सच्या टेलिफोन यादीत पिशवाक शोधायला लावलं. एकच पत्ता मिळाला, ओदील पिशवाक नावाच्या बाईंचा. अंकलनी त्यांना इंग्रजीत चार पानी पत्र धाडलं. आम्ही सिंगापूरचे पिशवाक, आमच्या नदीकाठच्या घराण्याची माहिती कळवावी.

तीन आठवड्यांनी ते ऑफिसात आले ते पाकीट हातात घेऊनच. उघडलेलं होतं, पण आत सगळं फ्रेंच. त्यांना ते तिथल्या तिथे वाचून हवं होतं. मिसेस लिम शेजारच्या टेबलाशी होत्या. मी पत्र घेतलं आणि मोठ्याने इंग्रजीत वाचायला लागले.

पहिल्या परिच्छेदात हवापाणी होतं. बाई शहाऐंशी वर्षांच्या, पोस्टातून निवृत्त, अविवाहित. सिंगापुरात आपल्या नावाची माणसं आहेत हे वाचून त्या स्वयंपाकघरात जाऊन थोड्या बसल्या, असं त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदाची पहिली ओळ मी मनात वाचली आणि थांबले.

“तुम्ही थांबलात,” अंकल म्हणाले.

“अक्षर जरा किचकट आहे.”

“मॅडम, मी चाळीस वर्षं पोरांना पाहिलंय. पाय मुरगळलेला कोणता आणि बहाणा करणारा कोणता, मला कळतं. वाचा.”

मी वाचलं. ओदीलबाईंनी काहीही आडपडदा ठेवला नव्हता. ‘नदीबद्दल तुम्ही विचारता. नदी नाही. गावाबाहेरच्या उतारावर एक झरा आहे, आणि तो मागून पाहिलेल्या गाईसारखा पडतो. म्हणून आपलं नाव हे. सरदार वगैरे कोणी नव्हते, गुरं होती. माझे दोन्ही भाऊ शहरात जाऊन बोवाल झाले. वडिलांनी अर्जावर सही केली नाही. गाईला लाज वाटत नाही तर मला का वाटावी, असं म्हणाले. मी आहे, वृद्धाश्रमात एक चुलतभाऊ आहे आणि त्याचा ट्रक चालवणारा मुलगा आहे. फ्रान्समध्ये आम्ही तिघंच उरलो. शाळेत मुलं माझ्या मागून हंबरत यायची. तिकडे तुम्ही कसं निभावलंत?’

मी पत्र खाली ठेवलं.

“गाय,” अंकल म्हणाले.

“हो.”

“मागून.”

“हो.”

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, “अंकल, माझं माहेरचं आडनाव मुतालिक. चांगलं जुनं हुद्द्याचं नाव आहे, मुतालिक म्हणजे कारभाऱ्याचा मुखत्यार. पण आमच्या भाषेत पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ तुमच्या ‘पिश’सारखाच होतो. अख्खी शाळा मी त्यावरून ऐकलंय. आणि गाईचं म्हणाल तर आमच्यात गोमूत्र पवित्र मानतात. घर शुद्ध करायला शिंपडतात. माझ्या आजीने तुम्हाला पाटावर बसवलं असतं.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “पण तुम्हाला माहीत होतं. लहानपणापासून.” मग त्यांनी फोल्डरमधून माझा शिक्का मारलेला कागद काढला आणि टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “आणि हे लिहिलंत तेव्हासुद्धा तुम्हाला माहीत होतं.”

मी हो म्हटलं.

“मी पोरांना सांगायचो, पिशवाकसारखे ताठ उभे राहा.” ते उठले. “कोणीतरी सांगायला हवं होतं.”

मला वाटलं, हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं असं ते विचारतील आणि क्लेअरचं नाव घ्यावं लागेल. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आता क्लेअरनेच लिही म्हटलंय.

ते गेल्यावर मिसेस लिम माझ्या टेबलाशी आल्या. त्यांना वाटलं होतं, मी खरं तेच लिहून दिलं. त्यांनी माझा कागद वाचला. “शिक्का मारलास?” एवढंच विचारलं, आणि माझा शिक्का उचलून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली लावली. तीन महिने माझी प्रत्येक सही त्यांच्या नजरेखालून गेली. पन्नाशीच्या बाईला शाळकरी पोरीसारखं वही दाखवायला जावं लागत होतं. पण त्यांचं बरोबर होतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून जास्त चीड यायची. घरी मुलीला सांगितलं तर ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “यू कान्ट अनुवाद हाफ ओन्ली, लाह.” तिच्या तोंडून आलेला ‘अनुवाद’ हा एकमेव मराठी शब्द मी जपून ठेवला.

चार दिवसांनी अंकल व्हिक्टरचा फोन आला. “रविवारी इंगांच्या घरी या. चार वाजता.”

“मी कशाला?”

“माझी मागणी मी परत घेणार आहे. पुस्तिका रद्द केलीय. पण मी त्यांना दोन महिने सरदार म्हणून सांगत होतो, आता कारण द्यावं लागेल. ते तुम्ही सांगायचं. तुम्ही लपवलंत, तुम्हीच सांगा.”

मी रविवारी गेले. अंगावर ऑफिसचे कपडे आणि पिशवीत लिटिल इंडियातून आणलेली पाव किलो काजूकतली, कारण अपराध्यानेही कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये असं आमच्या आईचं वळण. इंगांचा फ्लॅट बेडोकमध्येच, आमच्यापासून दोन बसस्टॉप. वेईचे आईवडील, वेई, क्लेअर, अंकल व्हिक्टर, आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली वेईची आजी. त्या घरात निर्णय कोण घेतं हे कोणी सांगायची गरज नव्हती. टीव्हीचा रिमोट तिच्या मांडीवर होता.

अंकल उभे राहिले, अगदी कवायतीला उभे राहावं तसे. “पहिल्या मुलाच्या नावाबद्दल मी जे म्हटलं होतं ते परत घेतो. आमच्या नावाबद्दल मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं. या मॅडम सांगतील.”

मी सांगितलं. खडक, झरा, धार, गाय, मागची बाजू. आजीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वेई वाक्यावाक्याला होक्कियन या त्यांच्या चिनी बोलीत सांगत होता, आणि गाईपाशी पोचल्यावर तो अडखळला. आजीने रिमोटने त्याच्या गुडघ्यावर मारलं. त्याने सांगितलं. वेईच्या आईने तोंडावर हात घेतला. वडील खिडकीबाहेर बघायला लागले, खांदे हलत होते. क्लेअर मान खाली घालून बसली होती.

आजी हसली नाही. तिने काहीतरी विचारलं.

“आजी विचारतेय, पाणी वर्षभर असतं का?” वेई म्हणाला.

मी पत्र काढलं. शेवटच्या पानावर होतं. “असतं. बाईंनी लिहिलंय, कोरड्या वर्षीही आटलं नाही. गावातली विहीर आटली की सगळे तिथेच यायचे.”

आजीने मान हलवली आणि बराच वेळ बोलली. वेई मध्ये मध्ये थांबून सांगत होता. “आजी म्हणते, मग वाईट काय आहे. पाणी म्हणजे पैसा. न आटणारं पाणी म्हणजे चांगलाच पैसा. गाय कष्टाची.” आजीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “आजी म्हणते, माझं नाव माहीत आहे का? माझ्या वडिलांना मुलगा हवा होता, मी झाले. त्यांनी माझं नाव ठेवलं ‘भाऊ घेऊन ये’. पंच्याऐंशी वर्षं लोक मला हाक मारतात आणि बोलावतात भावाला. निदान तुमच्या नावात जे आहे ते तिथे खरोखर होतं.”

आपल्याकडच्या नकोशीची ही बहीण मला बेडोकच्या तेराव्या मजल्यावर भेटली.

अंकल व्हिक्टरनी विचारलं, “मग भाऊ आला का?”

वेईने विचारलं. आजीने उत्तर दिलं आणि या वेळी सगळं इंग कुटुंब एकदम हसलं. “तीन आले,” वेई म्हणाला. “एकही कामाचा निघाला नाही.”

अंकल हसले. आधी नाकातून, मग मैदानभर ऐकू जाईल असे. हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं, आणि बसल्यावर त्यांनी रुमाल काढला तो नुसता हसण्यासाठी नव्हता. क्लेअर उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. आजीने काजूकतलीचा डबा ओढून घेतला, एक तुकडा चावून पाहिला, आणि पहिल्या मुलाच्या नावात पिशवाक येईल असं जाहीर केलं.

त्यावर अंकल म्हणाले, नको. लेकराला कशाला तो त्रास, उद्या ते फ्रान्सला गेलं तर. दोन महिने ज्या गोष्टीसाठी त्यांनी इंगांच्या घराचा उंबरा झिजवला, तिच्या विरुद्ध ते आता तावातावाने भांडत होते. शेवटी क्लेअर म्हणाली, “आजोबा, नाव माझंही आहे. मी ठरवीन.” आणि तो विषय संपला.

लग्नाचं जेवण झालं. पुस्तिका नव्हती. मला आणि नवऱ्याला बोलावणं होतं, पण टेबल अगदी मागचं, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ. मला ते योग्य वाटलं. अंकल आमच्या टेबलाशी आले, नवऱ्याशी जहाजांबद्दल बोलले आणि माझ्याशी फक्त मान हलवून गेले.

मग पुढच्या महिन्यात ते ऑफिसात हजर. त्यांना ओदीलबाईंना उत्तर पाठवायचं होतं, फ्रेंचमध्ये. तिकडे तुम्ही कसं निभावलंत, या प्रश्नाचं उत्तर. त्यांनी एकच वाक्य लिहून आणलं होतं: ‘आम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून आम्ही फार मजेत होतो.’ मी ते फ्रेंचमध्ये केलं. ते म्हणाले, “शिक्का.”

“अंकल, खासगी पत्राला शिक्का लागत नाही.”

“तुमच्या बाबतीत लागतो.”

मिसेस लिमनी ड्रॉवर उघडला. तेव्हापासून दर महिन्याला पत्र. ते इंग्रजीत लिहिणार, मी फ्रेंच करणार. ओदीलबाई फ्रेंचमध्ये लिहिणार, मी इंग्रजी करणार. प्रत्येक पानावर शिक्का. ओदीलबाईंना वाटायचं सिंगापुरात सगळी पत्रं अशीच सरकारी निघतात. मिसेस लिमनी अंकलकडून पैसे घेणं सोडलं, पण शिक्क्याची शाई संपली की माझ्याकडे बघायच्या. मी निवृत्त झाले त्यानंतरही हे काम सुटलेलं नाही. आता ते माझ्या घरी येतात, चहा घेतात, आणि शिक्का नाही म्हणून मला प्रत्येक पानावर तारीख घालून सही करायला लावतात. मी एकदाही त्यांची पुरती माफी मागितलेली नाही. सह्या करते.

त्यांच्या दारावरची पाटी अजून आहे. सिंह काढून टाकलाय. गाय बसवायची म्हणून ते इथल्या तीन-चार दुकानांत विचारून आले. गाय सगळ्यांकडे होती, पण हवी त्या बाजूने कोणाकडेच नव्हती.

यंदा क्लेअरला मुलगी झाली. सकाळी फोन वाजला. माझा फोन मैदानावरच्या भोंग्यासारखा ओरडला.

“एमा पिशवाक इंग,” अंकल म्हणाले. “तिकडे तिघं. इकडे मी, टँपिनीसची माझी बहीण रोझ, क्लेअर आणि आता ही. चार-तीन. आम्ही पुढे आहोत. ओदीलला कळवा.”

मी त्याच दिवशी फ्रेंचमध्ये लिहून कळवलं, आकड्यासकट. सही केली, तारीख घातली.

बाईंचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. अक्षर पूर्वीपेक्षा हललेलं, पण वाचता येत होतं. अंकल समोर बसले होते. मी एकही शब्द न गाळता वाचून दाखवलं:

‘अभिनंदन. मात्र नाव मध्ये घातलं असेल तर गोल अर्धाच धरला जाईल. आणि त्या सद्गृहस्थांना सांगा, मी अजून मैदानात आहे.’